नववी 'अ'ची सहा झाडं

मुकुंदराव हेरेकरांनी आपल्याच विद्यार्थ्यांच्या पैशांवर चौदा टक्के कमिशन घेतलं, ही गोष्ट तीन माणसांना माहीत होती. ते स्वतः, त्यांची बायको जयलक्ष्मी आणि ते कमिशन पाकिटात घालून देणारा विनायक. विनायक १९९८ मध्ये बेंगळुरूला गेला आणि त्याचा पत्ता कुणाकडे राहिला नाही. त्यानंतर हुबळीत दोघंच उरली.

मुकुंदराव हुबळीतल्या एका मराठी शाळेत गणित शिकवत. १९९४ च्या जूनमध्ये त्यांनी मुख्याध्यापकांकडून शनिवारचा शेवटचा तास मागून घेतला आणि नववी 'अ'ला पैशाचे व्यवहार शिकवायला सुरुवात केली. वर्गात छत्तीस मुलं. बहुतेकांच्या घरी बाजारात दुकान होतं. कुणाचं भांड्यांचं, कुणाचं कापडाचं, कुणाचं किराणा. दुकानदारांच्या मुलांना नफा कळत होता, व्याज कळत नव्हतं. मुकुंदरावांनी त्यांना चक्रवाढ व्याज शिकवलं, पासबुक वाचायला शिकवलं, पोस्टातले आणि बँकेतले दर फळ्यावर शेजारी शेजारी मांडले. मुलांना हा तास आवडायचा. शनिवारी घंटा झाली तरी दोन-चार जण फळ्यापाशी रेंगाळत.

शाळेत संचयिका होती, म्हणजे मुलांनी मुलांसाठी चालवलेली बचत बँक. पाचवीपासून दर शनिवारी कुणी दोन रुपये, कुणी पाच रुपये भरायचं आणि ती रक्कम पोस्टात जायची. नववी 'अ'ची कॅशियर होती वनिता. ती मूळची अळणावरजवळच्या एका खेड्यातली, हुबळीत आत्याकडे राहून शिकत होती. तिचा हिशेब कधी चुकत नसे. एकदा आठ आणे जास्त निघाले तेव्हा ते कुणाचे हे सापडेपर्यंत तिने डबा घेऊन तिन्ही रांगा पालथ्या घातल्या होत्या.

त्या ऑक्टोबरात विनायक शाळेत आला. तो मुकुंदरावांचाच जुना विद्यार्थी. देशपांडे नगरात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्याने 'सुवर्णपर्ण प्लँटेशन्स' या कंपनीचं ऑफिस उघडलं होतं. योजना सोपी होती. बाराशे रुपयांना सागाचं एक झाड तुमच्या नावावर. वीस वर्षं कंपनी ते सांभाळणार. वीस वर्षांनी साठ हजार रुपये.

मुकुंदरावांनी लॉगॅरिथमचं पुस्तक काढून दर काढला. वर्षाला साधारण साडेएकवीस टक्के. त्यांनी दुसऱ्यांदा काढला, तोच आला. गणित बरोबर होतं. आकडे छापील पत्रकातले होते आणि पत्रक कंपनीचं होतं, याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"सर, वर्गाच्या नावाने घ्या की," विनायक म्हणाला. "मुलांना जिवंत उदाहरण. आणि तुमच्या ओळखीने जेवढी झाडं जातील त्यावर चौदा टक्के तुमचे. सगळ्या प्रतिनिधींना देतो, तुम्हाला वेगळं काही नाही."

"मी शिक्षक आहे रे. प्रतिनिधी कुठला?"

"मग गुरुदक्षिणा समजा."

मुकुंदराव हसले. त्यांनी होय म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

प्रत्येकी दोनशे रुपये संचयिकेतून काढायचे, छत्तीस मुलांचे सात हजार दोनशे, म्हणजे सहा झाडं. पालकांच्या सह्या हव्या होत्या, म्हणून नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी पालकांना बोलावलं. ज्यांना स्वतंत्र झाड घ्यायचं असेल त्यांच्यासाठी विनायक अर्ज घेऊन कोपऱ्यात बसला होता.

वनिताचे वडील नागोजी त्या दिवशी सकाळच्या गाडीने अळणावरहून आले होते. ते तिथल्या लाकूड डेपोत हमाल होते. एकवीस वर्षं ते ओंडके उचलत, रचत आणि मोजायला मदत करत. पत्रकावरचा रोपांचा फोटो त्यांनी लांब धरून पाहिला.

"सर, ही झाडं कुठं लावल्यात?"

"नवलगुंद रस्त्याला. शंभर एकर आहे."

"ती तर यरी जमीन."

यरी म्हणजे काळी चिकट जमीन, पावसात पाणी धरून ठेवणारी आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढी भेगाळणारी. कापसाला ती उत्तम.

"कंपनीचे तज्ज्ञ आहेत नागोजी. त्यांनी बघितली असेल ना जमीन."

"सागाला पाय कोरडे लागत्यात सर. आमच्याकडं उताराला येतंय ते. हितं पानी तुंबलं की मुळं कुजायची." नागोजींनी पत्रकातल्या कोष्टकावर बोट ठेवलं. "आनि हे वीस वर्साचं काय लिवलंय? वीस वर्साचं लाकूड डेपोत आलं तर आमी बाजूला टाकतो. खांबाला जातंय, न्हाईतर चुलीला. बाहेरचं पांढरं असतंय सगळं, आतलं पक्कं लाकूड तवर धरतच न्हाई."

"हे बघा," मुकुंदराव समजावणीच्या सुरात म्हणाले, "झाड व्याजासारखं वाढतं. आधी थोडं, मग वाढलेल्यावर आणखी."

"झाड व्याजासारखं कुठं वाढतंय सर? उंच हुतंय, मग थांबतंय. मग जाड हुतंय. मधी किडा बी असतोय."

शेजारी उभे असलेले कृष्णाशेट मिरजकर हसले. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि तेही अजून अर्ज हातात घेऊन घोळत होते. "काय हो सर, किड्याचं व्याज कसं काढायचं?"

हसू मुकुंदरावांवर होतं. ते त्यांना लागलं.

नागोजींनी दोनशे रुपयांच्या कागदावर सही केली, कारण ते पैसे वनिताने स्वतः साठवलेले होते. वेगळं झाड घ्यायला मात्र त्यांनी नकार दिला. "आमाला नको. ब्याड," असं कानडीतही एकदा सांगून ते बस स्टँडकडे गेले. त्या दिवशी कृष्णाशेटही अर्ज न भरताच परतले, आणि त्यांच्या मागोमाग आणखी दहा-बारा जण.

सोमवारी गणिताच्या तासाला मुकुंदरावांनी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'माहिती', उजवीकडे लिहिलं 'भीती'.

"गुंतवणुकीचा शत्रू कोण? भीती. आता एक उदाहरण देतो, नाव सांगत नाही. एक गृहस्थ मला म्हणाले, काळ्या जमिनीत साग येत नाही. का? तर ते रोज लाकूड उचलतात." त्यांनी 'भीती'च्या खाली एक ओंडका काढला आणि त्याच्याखाली वाकलेला माणूस. ते चित्र बरं काढत. "आता लाकूड उचलल्याने झाडाचं गणित येत असतं, तर पोतं उचलणारा हमाल धान्याचा व्यापारी झाला असता. बरोबर की नाही?"

वर्ग मोठ्याने हसला. नाव सांगायची गरज नव्हती. लाकूड उचलणारा बाप वर्गात एकाच मुलीचा होता. वनिता संचयिकेचं रजिस्टर उघडून त्यातल्या बंद झालेल्या खात्यांकडे बघत राहिली. मधल्या सुट्टीत कुणीतरी तिला "ए ओंडका" म्हणून हाक मारली. मुकुंदरावांनी ती व्हरांड्यातून ऐकली आणि ते स्टाफरूममध्ये गेले.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी नागोजी परत आले. त्यांनी रुमालात बांधलेले बाराशे रुपये टेबलावर ठेवले.

"एक झाड द्या सर. वनीच्या नावानं."

"पटलं म्हणायचं शेवटी," मुकुंदराव म्हणाले.

नागोजींनी मान हलवली. ती होकाराची होती की नाही, हे मुकुंदरावांनी त्या वेळी नीट पाहिलं नाही.

त्यांनी त्या एका अर्जाचा पुरेपूर उपयोग केला. कृष्णाशेटच्या दुकानात स्वतः जाऊन सांगितलं, "अहो, अळणावरच्या लाकूड डेपोतला माणूस झाड घेतोय. तुम्ही कशाला घाबरताय?" कृष्णाशेटनी चार घेतली. "लाकडातला माणूस घेतोय म्हणजे काहीतरी असणार," असं त्यांनीच पुढे शेजारच्या दुकानांत सांगितलं. डिसेंबरअखेर एक्केचाळीस झाडं गेली. त्यात वर्गाची सहा, नागोजींचं एक आणि मुकुंदरावांची स्वतःची दोन. विश्वास नसता तर आपण आपले पैसे घातले असते का, असं ते नंतर अनेकदा स्वतःला विचारणार होते, आणि उत्तर दर वेळी त्यांच्या सोयीचं येणार होतं.

जानेवारी १९९५ मध्ये शाळेची बस लागवड बघायला गेली. काही पालकही आले होते. त्यांत नागोजी होते. काळ्या रानात गुडघ्याएवढी रोपं ओळीने उभी होती आणि प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला बांधला होता. वनिताच्या रोपाचा नंबर २२१६. मुलींनी तिला त्याच्याशेजारी उभं करून फोटो काढला. नागोजींनी वाकून मुठीत माती घेतली, थोडी थुंकी लावून ती तळहातावर वळली. तिची गोळी झाली. त्यांनी वनिताकडे पाहिलं. ती फोटोसाठी हसत होती. त्यांनी गोळी खाली ठेवली आणि धोतराला हात पुसले.

त्याच महिन्यात विनायकने पाकीट आणून दिलं. सहा हजार आठशे अठ्ठ्याऐंशी रुपये. उणकलच्या तळ्याजवळ नव्या वसाहतीत मुकुंदरावांचं घर बांधून होत आलं होतं आणि पुढच्या दाराला पैसे कमी पडत होते. बांधकाम मिस्त्री आंब्याच्या लाकडाचं दार लावू म्हणत होता. मुकुंदरावांनी सागवानी लावलं. लाकूड अळणावरहून मागवलं.

"पैसे कुठून आले?" जयलक्ष्मीने विचारलं तेव्हा त्यांनी खरं सांगितलं.

"मुलांच्या पैशातून?"

"कंपनीच्या पैशातून. मुलांची झाडं मुलांना मिळणारच आहेत."

"शाळेत सांगितलंत?"

"त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

"मग सांगायला काय हरकत आहे?" असं म्हणून ती आत गेली.

१९९८ च्या एप्रिलमध्ये देशपांडे नगरातल्या ऑफिसला कुलूप लागलं. कंपनीचा मुख्य माणूस कुठेतरी पकडला गेला, अशी बातमी आली. नवलगुंद रस्त्याच्या जमिनीवर दुसऱ्याच कुणाचं नाव निघालं. रोपांपैकी निम्मी आधीच मेली होती, उरलेली मनगटाएवढी होऊन थांबली होती. लोक मुकुंदरावांकडे आले. कृष्णाशेट सगळ्यात पुढे होते.

मुकुंदराव म्हणाले, "माझेही गेले, कृष्णाशेट. दोन झाडं. चोवीसशे."

त्यांनी पावत्या दाखवल्या. कृष्णाशेटनी त्या उलटून पाहिल्या. सरांचेही बुडाले म्हटल्यावर सरांना काय बोलणार? जाताना त्यांनीच मुकुंदरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या सर. आपण सगळेच फसलो."

ते वाक्य शाळेत, बाजारात, लग्नकार्यात पुढे अनेकदा म्हटलं गेलं. मुकुंदरावांनी ते एकदाही दुरुस्त केलं नाही. त्या सबंध काळात ते एकही शब्द खोटा बोलले नव्हते, आणि ते किती सोपं गेलं हे त्यांना दर वेळी जाणवत होतं. शनिवारचा तास त्यांनी बंद केला. विचारलं तर म्हणत, अभ्यासक्रम उरकत नाही. घरी जयलक्ष्मी मात्र कधीतरी म्हणायची, "कडी हळू लावा. चौदा टक्क्यांची आहे." पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मुकुंदराव जेवणावरून उठले होते. नंतर उठणंही बंद झालं.

ते २००३ मध्ये निवृत्त झाले. २००७ च्या ऑगस्टमध्ये एका रविवारी सकाळी दाराशी वनिता उभी होती. मागे नागोजी.

ती आता त्याच शाळेत गणित शिकवत होती. दोन वर्षांपूर्वी लागली होती. डेपोतलं काम सुटल्यावर आई-वडिलांना तिने हुबळीत आपल्या भाड्याच्या खोलीत आणलं होतं. मुकुंदरावांना हे सगळं ऐकून माहीत होतं. भेट त्यांनी टाळली होती.

"सर, मी शनिवारचा तास परत चालू केलाय," वनिता म्हणाली. "नववीलाच. मुलं शेअर आणि म्युच्युअल फंडांचंच बोलत असतात. कुणाच्या काकाचे दुप्पट झाले, कुणाच्या मामाचे तिप्पट. त्यांना वाटतं पैसे फक्त वाढतातच. येत्या शनिवारी तुम्ही या. सागाचं सांगा."

"मी काय सांगणार?"

"तुम्ही शिकवलंत आणि तुमचेही गेले, हेच सांगा ना. जाणत्या माणसाचेही जातात हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू दे. चक्रवाढ मला तुमच्यामुळे कळली सर, हेही खरंच आहे."

नागोजी अजून उंबऱ्यावरच होते. ते दाराच्या फळीवरून तळवा फिरवत होते.

"ये की आत अप्पा," वनिता म्हणाली.

"बगू दे थोडं." त्यांनी दार अर्धं मिटून कडा पाहिली. "लई झ्याक लाकूड हाय सर. साठ वर्साचं तरी असंल. पांढरं एक बोट न्हाई यात. कुठनं घेतलासा?"

"अळणावर."

"आमच्या डेपोतलंच मग. कवा?"

"पंचाण्णव."

"म्हंजे हे मी उचललेलं असायचं," नागोजी म्हणाले आणि हसत आत येऊन बसले.

जयलक्ष्मीने चहा आणला. मुकुंदरावांना काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून ते म्हणाले, "नागोजी, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. पण शेवटी तुम्हालाही ते गणित पटलं, नाही का?"

"गनित?" नागोजींनी कप खाली ठेवला. "छे. मला ठावंच हुतं येत न्हाई म्हनून."

"मग झाड का घेतलंत?"

"अप्पा, राहू दे," वनिता म्हणाली.

"आता काय त्याचं? बारा वर्सं झाली." ते मुकुंदरावांकडे वळले. "पोरगी त्या आयतवारी घरी आली आनि मला म्हनली, तुमी शाळेत येऊ नका. दोन दिस जेवली न्हाई. का तर पोरं हसली. मग मी बोललो, बाराशेच की. हिच्या आईसाठी, अनुसयासाठी, शिलाई मशीन घ्यायचं हुतं, तिनं अळणावरात क्लास केलेला. तेच पैसे उचलून आनलो. झाड न्हाई आलं तर न्हाई आलं. पोरगी तरी वर्गात ताठ बसंल."

वनिता कपाच्या कानाकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. बारा वर्षांपूर्वी तिला जी लाज वाटली ती वडिलांची होती, आणि आता जी वाटत होती ती त्या लाजेची. हे मुकुंदरावांना स्पष्ट दिसलं, कारण फळ्यावर वाकलेला माणूस त्यांनी काढला होता. नागोजींना त्या चित्राबद्दल ठाऊक होतं की नाही, हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

"येतो शनिवारी," ते म्हणाले.

ती दोघं गेल्यावर जयलक्ष्मीने कप उचलले. "काय सांगणार आहात?"

"तिने सांगितलंय तेच."

"आपण सगळेच फसलो, ते?"

मुकुंदरावांनी दार लावून घेतलं.

"अहो, मी बारा वर्षं हे दार पुसतेय," ती म्हणाली. "त्या माणसाने आज हात फिरवला तेव्हा मला आत पळून जावंसं वाटलं. तुमचं तुम्ही बघा."

आठवडाभर त्यांनी भाषणाची टिपणं काढली. पहिल्या मसुद्यात कमिशन नव्हतं. दुसऱ्यात 'काही मोबदला' असा शब्द होता. तिसऱ्यात तो पुन्हा काढलेला होता. शनिवारी ते तीनही कागद घरी ठेवून गेले.

वर्ग तोच होता, बाकं नवी. अडतीस मुलं. वनिता मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. मुकुंदरावांनी झाडांची गोष्ट सांगितली, लॉगॅरिथमची सांगितली, काळ्या जमिनीची सांगितली. मुलं ऐकत होती. महेश नावाच्या मुलाने विचारलं, "सर, मग जागेवर जाऊन एकदा माती बघायची होती की."

"बघायचीही गरज नव्हती. एकाला ती माहीत होती, त्याने सांगितलं, आम्ही त्याला हसलो. मी हसवलं. या फळ्यावर मी त्याचं चित्र काढलं होतं."

मागे वनिता भिंतीपासून सरळ झाली.

पुढच्या बाकावरच्या अश्विनीने हात वर केला. ती वहीत आकडे लिहून घेत होती. "सर, तुमचे किती गेले?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या तोंडात नऊ वर्षं तयार होतं.

"चोवीसशे गेले," ते म्हणाले. "आणि सहा हजार आठशे अठ्ठ्याऐंशी आले."

"आले म्हणजे?"

"माझी दोन धरून एक्केचाळीस झाडं माझ्यामार्फत गेली. प्रत्येक झाडामागे चौदा टक्के कंपनी मला देत होती. ते मी घेतले. कुणाला सांगितलं नाही. लोकांना सांगितलं की माझेही बुडाले."

अश्विनीने वजाबाकी केली. "म्हणजे तुम्हाला चार हजार चारशे अठ्ठ्याऐंशी फायदा झाला."

"हो."

"सगळ्यांचे बुडाले तरी?"

"हो."

मागून वनिताचा आवाज आला. संचयिकेचा डबा हातात असताना असायचा तसाच, बारीक आणि मोजका. "त्यात आमच्या वर्गाची सहा झाडं धरून, सर?"

"धरून."

"आणि अप्पांचं?"

"तेही. एकशे अडुसष्ट रुपये."

तिने मान हलवली, जणू आकडा जुळला. मग ती मुलांना म्हणाली, "वहीत लिहा. विकणाऱ्याला किती मिळतं, हे आधी विचारायचं. लाजायचं नाही विचारायला." पेनं चालू लागली. मुकुंदराव टेबलाची कड धरून उभे राहिले. त्यांना खाली बसायचं होतं, पण खुर्ची आता तिची होती.

घंटेनंतर व्हरांड्यात ती त्यांच्याजवळ आली. आभार मानायला आणलेला गुलाबाचा गुच्छ तिच्या हातात तसाच होता. तो तिने दिला नाही आणि टाकलाही नाही.

"तुम्ही हे वर्गात सांगाल असं मला वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "मला आधी सांगायला हवं होतं."

"हो."

"अप्पा फाटकाशी आहेत. तुम्हाला न्यायला आलेत, आमच्याकडे जेवायला. आईने सकाळपासून स्वयंपाक चालवलाय." ती थांबली. "मी त्यांना सांगणार नाही. ते तुमचं काम आहे."

नागोजी फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसले होते. मुकुंदरावांनी उभ्या उभ्याच सांगितलं. चौदा टक्के, एक्केचाळीस झाडं, पाकीट. मग दार. नागोजींनी सगळं ऐकून घेतलं.

"एकशे अडुसष्ट," ते हळूच म्हणाले. "म्हंजे दाराची कडी-कोयंडा आमचा."

मुकुंदरावांनी खाली पाहिलं.

"एक विचारू का सर? तवा मी जमिनीचं सांगितलो, ते तुमाला खोटं वाटलं? का पैशासाठी आयकला न्हाईसा?"

मुकुंदरावांना पहिलं उत्तर द्यायचं होतं. फसलेला माणूस म्हणवून घेणं अजूनही बरं वाटत होतं. "तुम्ही खोटं बोलता असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "चौदा टक्के नसते, तर मी तुम्हाला आणखी दोन प्रश्न विचारले असते. तेवढंच. ते विचारले नाहीत."

नागोजींनी चपलेत पाय सारले. एक सिटी बस आली, थांबली, गेली.

"मला काय सांगताय," ते शेवटी उठत म्हणाले. "मशीन तिचं हुतं. तिला सांगा."

ते पुढे चालू लागले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. वनिता त्यांच्याबरोबर होती. मुकुंदराव दहा-बारा पावलं मागून चालत राहिले. घर दोन गल्ल्या सोडून होतं. दारात अनुसयाबाई उभ्या होत्या. पाहुणा येताना दिसला तसा त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, घरातली एकुलती खुर्ची बाहेर आणून पुसली आणि म्हणाल्या, "या सर. बसा. लई वाट बघायला लावलासा."

मुकुंदराव बसले नाहीत. "अंऽ, वहिनी," ते म्हणाले, "आधी मला तुम्हाला एक सांगायचंय."